रातांबा आणि तेरडा

कोकणात नव्या घराचा चौथरा उभा राहिला की परसात आणि अंगणाच्या कडेला काय लावायचे याचा विचार फळझाडापासूनच सुरू होतो, आणि त्यात गैर काही नाही. कारण एकदा मुळे धरलेले फळझाड घरातल्या दोन-तीन पिढ्यांना पुरते, त्याची सावली मिळते, फळ घरात वापरता येते आणि उरले तर विकताही येते. रानफुलाचा विचार मात्र या यादीत कोणी करत नाही. ते पावसाबरोबर आपसूक येते, बांधावर, गडग्याच्या दगडांमध्ये आणि विहिरीच्या काठाला उभे राहते, आणि पाऊस सरला की दिसेनासे होते. त्यामुळे त्यासाठी जागा राखावी लागते हेच कोणाच्या ध्यानात येत नाही. येथे अशा दोन वनस्पती शेजारी शेजारी ठेवून पाहायच्या आहेत, की ज्या एकाच जांभ्याच्या मातीत आणि एकाच पावसावर वाढतात, पण ज्यांच्याकडे पाहण्याची माणसाची नजर अगदी वेगळी आहे. पहिली म्हणजे रातांबा, ज्याच्या फळापासून आमसूल होते आणि ज्याला कोकम हे नाव सर्वत्र रूढ आहे. आणि दुसरी म्हणजे तेरडा. जागा थोडी असेल तेव्हा या दोहोंतले काय ठेवावे हा प्रश्न खरोखरच उभा राहतो, आणि त्याचे उत्तर देताना सहसा टिकाऊपणाची कसोटी लावली जाते. ही कसोटी तेरड्यावर अन्याय करते, आणि रातांब्याविषयीही चुकीची खात्री देते.

रातांबा हा सह्याद्रीचा आणि त्याच्या पायथ्याच्या किनारपट्टीचा वृक्ष असून वनस्पतिशास्त्रात त्याची गणना गार्सिनिया या प्रजातीत होते. मँगोस्टीन हे आग्नेय आशियातले प्रसिद्ध फळही याच प्रजातीतले. झाड सदाहरित, दहा-पंधरा मीटर उंचीपर्यंत जाणारे, खाली रुंद आणि वर निमुळते, फांद्यांची टोके जमिनीकडे झुकलेली, आणि कोवळी पालवी तांबूस. ऐन उन्हाळ्यात भोवतालचे माळ करपून गेलेले असताना त्याच्या गर्द हिरवेपणाकडे पाहिले तर हे झाड पाणी आणते तरी कुठून असा प्रश्न पडावा. त्याचे सोटमूळ खोल जाते आणि एकदा ते स्थिरावले की उन्हाळ्यात पाणी घालावे लागत नाही. हिवाळ्यात फुले येतात, मार्चपासून फळे पिकू लागतात, आणि मे महिन्यात हंगाम भरात येतो. लिंबाएवढे, गडद तांबडे-जांभळे फळ, त्यात आंबटगोड पांढरट गरात लपेटलेल्या पाच ते आठ बिया, आणि बाहेर ती जाड साल, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप करायचा.

आता टिकाऊपणाचा आणि भरवशाचा मुद्दा. रातांब्याची नर आणि मादी झाडे बहुधा वेगवेगळी असतात, म्हणजे एका झाडावर केवळ परागकण देणारी फुले येतात आणि दुसऱ्यावर फळ धरणारी. बी पेरून वाढवलेले रोप नर निघणार की मादी, हे त्याच्या पानांवरून, खोडावरून किंवा वाढीच्या ढंगावरून ओळखता येत नाही. ते फुलेपर्यंत थांबावे लागते, आणि बियांपासून केलेले झाड फुलायला सहज सात-आठ वर्षे घेते. अशा रोपांपैकी साधारण निम्मी नर निघतात. याचा अर्थ असा, की घरामागच्या एकुलत्या एका जागेत बी रुजवून, तीन उन्हाळे कळशीने पाणी घालून, गुरांपासून कुंपण करून जपलेले झाड आठव्या वर्षी फक्त नर फुले घेऊन उभे राहण्याची शक्यता अर्धी असते. फळझाड म्हणजे खात्रीची गुंतवणूक असे ज्याला वाटते त्याने ही गोष्ट विसरू नये. कोकणातल्या जुन्या माणसांना ती अर्थातच माहीत होती, आणि म्हणूनच त्यांनी रातांबा लावण्यापेक्षा उगवलेल्या रातांब्यांतून फळणारा राखण्याची रीत धरली. पक्षी, माकडे आणि उदमांजरे यांनी टाकलेल्या बियांतून बांधावर रोपे येत, ती वाढू दिली जात, आणि फळ धरणारे झाड कळले की त्याच्याभोवतीची झुडपे साफ केली जात.

ही अनिश्चितता दूर करण्याचे काम दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने केले. मृदुकाष्ठ कलम, म्हणजे कोवळ्या रोपाच्या हिरवट खोडावर जातिवंत मादी झाडाची काडी बांधून केलेले कलम, हे तंत्र रातांब्यासाठी रूढ झाले, आणि कोकण अमृता व कोकण हातीस या जाती शेतकऱ्यांपर्यंत पोचल्या. कलम चार-पाच वर्षांत फळू लागते आणि ते मादी आहे हे आधीच ठाऊक असते. पण येथेही एक बारकावा आहे, जो रोपवाटिकेत विचारून घेतल्याशिवाय कळत नाही: काडी जर आडव्या वाढणाऱ्या फांदीची असेल तर कलमही आडवेच वाढते, जमिनीलगत पसरत राहते आणि त्याचा वृक्ष कधी होत नाही; सरळ वर जाणाऱ्या शेंड्याची काडी घेतली तरच झाड उभे राहते. शिवाय सगळीच झाडे मादी लावून भागत नाही, परागीभवनासाठी आसपास एखादा नर लागतो. गावात रानचे रातांबे असतात तोवर याची काळजी करावी लागत नाही, परंतु शहराच्या कडेला, जिथे मैलभरात दुसरा रातांबा नाही, तिथे एकटे मादी कलम लावणाऱ्याने हा विचार आधी केलेला बरा.

फळ हाती आल्यावरही काम संपत नाही, उलट तिथून सुरू होते. आणि रातांब्याचे खरे मोल समजायचे असेल तर झाडापेक्षा वैशाखातले अंगण पाहावे. फळ हाताने किंवा लहानशा सुरीने दोन भागांत फोडायचे, गर आणि बिया एका भांड्यात काढायच्या, आणि सालीच्या वाट्या वेगळ्या करायच्या. गराचा रस मिठात कालवून त्यात या साली बुडवायच्या, मग उन्हात पसरायच्या, संध्याकाळी गोळा करायच्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच रसात बुडवून पुन्हा उन्हात घालायच्या. याला पुटे देणे म्हणतात, आणि अशी अनेक पुटे दिल्यावर साल मऊ, चिवट आणि जवळजवळ काळी होते. हेच आमसूल. सालीत हायड्रॉक्सिसायट्रिक नावाचे आम्ल भरपूर असते, त्यामुळे बोटांना जरा कापले असेल तर रातांबे फोडणाऱ्या बाईला दिवसभर ते चुरचुरत राहते, आणि तळहातांचा जांभळा रंग आठ-आठ दिवस निघत नाही. हे सगळे वळवाच्या सरीशी शर्यत लावून करायचे असते. आभाळ भरून आले की अंगणात पसरलेले आमसूल धावत जाऊन आत आणावे लागते, आणि मृगाच्या पावसात सापडलेली उशिराची फळे तर झाडाखालीच कुजून जातात. मिठातला रस गाळून ठेवला की आगळ होते, ज्याची सोलकढी करतात. साखरेत मुरवले की अमृतकोकम. बियासुद्धा वाया जात नाहीत. त्या वाळवून, फोडून, कुटून पाण्यात उकळल्या की तेल वर येते, ते थंड होऊन घट्ट झाले की त्याचे मुठीत वळून गोळे करतात, म्हणून त्याला मुठेल म्हणतात, आणि हिवाळ्यात टाचांच्या भेगांवर त्याच्यासारखे दुसरे औषध कोकणातल्या घरांनी मानलेले नाही.

एवढे देणाऱ्या झाडासमोर तेरड्याची बाजू मांडायची तर त्याच्याकडून फळाची अपेक्षा बाजूला ठेवून, त्याला खाली वाकून पाहावे लागते. तेरडा ही एक हंगामी वनस्पती, म्हणजे तिचे उगवणे, फुलणे, बी धरणे आणि मरणे एकाच पावसाळ्यात उरकते. गुडघ्याएवढी उंची, रसाने भरलेले, उन्हात धरले तर आरपार उजेड दाखवणारे मांसल खोड, कातरलेल्या कडांची लांबट पाने, आणि पानांच्या बगलेतून निघणारी गुलाबी, क्वचित पांढरी किंवा गडद राणी रंगाची फुले. पानाच्या देठावर मोहरीहून बारीक अशा ग्रंथी असतात आणि त्यांतून गोडसर द्रव पाझरतो, म्हणून फुले यायच्या आधीपासूनच तेरड्यावर मुंग्यांची ये-जा दिसते. फुलाच्या मागच्या बाजूला एक बारीक, वळलेली नळी लोंबत असते. तिला शुंडिका म्हणतात. ती निदलपुंजातल्या, म्हणजे कळीला बाहेरून झाकणाऱ्या दलांतल्या एका दलाची झालेली असते, आणि फुलाचा मध तिच्या टोकाशी साठतो. लांब सोंडेचे फुलपाखरू किंवा धडपडून आत शिरणारी मधमाशी तिथवर पोचते, आणि पोचताना तिची पाठ फुलाच्या वरच्या भागाला घासते.

त्या वरच्या भागात काय आहे हे एखादे फूल हातात घेऊन नीट पाहिले तर कळते. पाच पुंकेसर एकमेकांना चिकटून त्यांची एक इवलीशी पांढरी टोपी झालेली असते, आणि तिच्या खाली स्त्रीकेसराचे टोक झाकलेले असते. फूल उमलल्यावर पहिला काही काळ ते केवळ नर असते, म्हणजे येणाऱ्या कीटकाच्या पाठीवर पराग लावून देते, स्वतः मात्र घेत नाही. मग टोपी गळून पडते, खालचे टोक उघडे होते आणि तेच फूल मादी होऊन दुसऱ्या फुलावरून आलेला पराग स्वीकारते. रातांब्याने जे काम दोन झाडांत वाटून दिले, तेच काम तेरडा एका फुलात दोन वेळांना वाटून देतो: एकाची विभागणी जागेने, दुसऱ्याची काळाने. दोन्हींचा फायदा एकच, स्वपरागण टळणे आणि संततीत वैविध्य राहणे. पण परिणाम फार वेगळे. रातांब्याचे एकटे मादी झाड जवळ नर नसेल तर अडून राहते, तर तेरड्याच्या एकाच रोपावर नर अवस्थेतली आणि मादी अवस्थेतली फुले एकाच वेळी असल्यामुळे गडग्याच्या फटीत एकटे उगवलेले रोपही बी धरू शकते.

बी धरल्यावर जे होते त्यावर तेरड्याचा सगळा पुढचा इतिहास अवलंबून असतो. फळ म्हणजे दोन्ही टोकांना निमुळते, बारीक लवेने भरलेले हिरवे बोंड. ते पिकत जाते तसा त्याच्या पाच पाकळांमध्ये ताण साठत जातो, आणि पूर्ण पिकलेल्या बोंडाला वाऱ्याने, पावसाच्या थेंबाने किंवा मुलाच्या बोटाने नुसता स्पर्श झाला तरी पाकळे एका क्षणात आतल्या बाजूला गुंडाळली जातात आणि बारीक, गोल, काळपट बिया हातभर किंवा त्याहूनही दूर उडतात. मग खोड पिवळे पडते, ऑक्टोबरच्या उन्हात लुळे होऊन जमिनीवर आडवे होते, आणि दिवाळीनंतर तिथे काही होते याची खूणही राहत नाही. बिया मात्र तिथेच असतात. पुढचे सात-आठ महिने तापलेल्या कातळावरच्या बोटभर मातीत त्या कोरड्या पडून राहतात, आणि पहिले दोन-चार पाऊस झाले की तिथेच दाट हिरवी रोपे उभी राहतात. याउलट रातांब्याचे बी सुकले की मरते. त्याला ओलावा असतानाच, फळातून काढल्यावर थोड्या दिवसांत मातीत घालावे लागते. पिढ्यान्‌पिढ्या जगू पाहणाऱ्या वृक्षाचे बी पंधरवडाभर कोरडे राहू शकत नाही, आणि चार महिने जगणाऱ्या रोपाचे बी सगळा उन्हाळा काढते, ही गोष्ट टिकाऊपणाचा विचार करताना नजरेआड करता येणार नाही.

तेरड्याचा रंग तीन दिवस ही म्हण मराठीत क्षणभंगुरतेसाठी आणि माणसाच्या चंचल उत्साहासाठी वापरली जाते. एका फुलापुरती ती खरी आहे. परंतु विहिरीच्या काठावरचा तेरड्याचा पट्टा पाहिला तर तो कोणीही न पेरता, न शिंपता, दर श्रावणात त्याच जागी उभा राहतो, आणि घरातल्या आजीच्या लहानपणीही तो तिथेच होता. त्या पट्ट्याचे वय विहिरीइतके असू शकते, कदाचित अधिकही. रातांब्याच्या बाबतीत आयुष्य एका खोडात साठवलेले असते, आणि ते खोड वीज पडून, वादळात उन्मळून किंवा घर वाढवताना कुऱ्हाडीखाली एका दिवसात जाऊ शकते. २०२०च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर अनेक पिढ्यांनी जपलेल्या बागा काही तासांत आडव्या केल्या. तेरड्याला असे वादळ काही करू शकत नाही. त्याला मारण्याचा मार्ग वेगळा आणि फार सोपा आहे: लागोपाठ दोन-तीन वर्षे बोंडे पिकायच्या आत तो कापायचा, किंवा ती जागा फरशीने झाकायची.

महाराष्ट्राने तेरड्याला म्हणीपेक्षा मोठे स्थान दिले आहे, ते गौरीच्या सणात. भाद्रपद शुक्ल पक्षात अनुराधा नक्षत्रावर गौरी येतात, ज्येष्ठेवर त्यांचे पूजन होते आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन. आणि कोकणात तसेच अन्यत्रही अनेक घरी ही गौर म्हणजे मुळांसकट उपटून आणलेल्या तेरड्याच्या रोपांची जुडी असते. बायका आणि मुली ती पाणवठ्यावरून वाजतगाजत आणतात, तिला साडी नेसवतात, मुखवटा आणि दागिने घालतात. तेरड्याची मुळे म्हणजे गौरीची पावले, अशी श्रद्धा असल्यामुळे ती तोडायची नसतात. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्या समाजाने आमसुलासाठी, आगळासाठी, तेलासाठी रातांब्यावर प्रेम केले, त्याने देवीचे रूप म्हणून मात्र फळ न देणारे, कोणाच्या मालकीचे नसलेले, बांधावरचे रोप निवडले; आणि ते निवडताना फुलाची परडी न भरता मुळे, खोड, पाने, फुले असे अख्खे रोप घरात आणले. माहेरवाशिणीसारखी तीन दिवस येऊन जाणारी गौर आणि एक पावसाळा राहून जाणारे हे रोप यांचे नाते कोणी जाणून जोडले की ते हाताशी असलेल्या वनस्पतीतून सहज जुळले, हे आता ठरवता येणार नाही. पण ही रीत तेरडा विपुल असण्यावर उभी आहे. मुंबईच्या बाजारांत भाद्रपदात तेरड्याच्या जुड्यांचे ढीग विकायला येतात, आणि ते येतात ते अशाच कुठल्यातरी माळावरून आणि बांधावरून, फुलोऱ्याच्या ऐन दिवसांत, बहुतेक बोंडे पिकायच्या आधी उपटलेले.

रानचे आणि बागेतले ही वाटणीही वाटते तितकी पक्की नाही. कोकणातला बराचसा रातांबा अजूनही कोणी न लावलेला, अर्धा रानटी आहे, तर तेरडा जगभरच्या बागांत पोचलेला आहे. बागांसाठी त्याच्या भरगच्च, गुलाबासारख्या दुहेरी पाकळ्यांच्या जाती तयार झाल्या, आणि बियाण्याच्या पाकिटांतून आज तोच तेरडा विकला जातो. कोरियात आणि जपानमध्ये उन्हाळ्यात मुली त्याच्या पाकळ्या चुरून नखे रंगवत आल्या आहेत, कारण मेंदीत असणारे लॉसोन हे रंगद्रव्य त्यातही असते. उत्तर भारतात त्याला गुलमेहंदी म्हणतात. तरीही बागेसाठी निवड करायची झाली तर पाकिटातल्या दुहेरी तेरड्यापेक्षा बांधावरचा एकेरी तेरडा अधिक मोलाचा मानावा. दुहेरी फुलात पाकळ्यांची गर्दी एवढी होते की मधापर्यंत जायची वाट अडते, आणि ज्या कीटकांसाठी ते फूल मुळात घडले ते त्याच्याकडे फारसे फिरकत नाहीत.

तेरड्याच्या कुळाचे खरे वैभव पाहायचे तर ते साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर. तिथला गुलाबी गालिचा ज्या तेरड्याचा आहे त्याला जॉन सदरलंड लॉ या मुंबई इलाख्यातल्या सनदी अधिकाऱ्याचे नाव दिलेले आहे, आणि सह्याद्रीतल्या पिवळ्या तेरड्याला वनसंरक्षक निकोल डाल्झेल यांचे. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ३९ स्थळांचा जागतिक वारशात समावेश झाला, त्यांत कास आहे. तिथे जाऊन ती फुले पाहिलेला माणूस घरी परतल्यावर आपल्या इमारतीच्या आवारातले तण कामगाराकडून साफ करून घेतो, आणि त्या तणात बऱ्याचदा तेरड्याचीच रोपे असतात. अलीकडे आणखी एक गोष्ट घडली आहे. शोभेसाठी आणलेला पिवळा कॉसमॉस पुणे-साताऱ्याच्या टेकड्यांवर आणि रस्त्यांच्या कडांना पसरला आहे. त्याचे पिवळे पट्टे पाहून ही आपलीच रानफुले असे अनेकांना वाटते, पण तो मूळचा मेक्सिकोचा आहे आणि तो जिथे दाटतो तिथे सोनकी, तेरडा अशा स्थानिक फुलांना जागा उरत नाही. रानफुलांची बाग करायची म्हणून कॉसमॉसचे बी उधळणे हे त्यामुळे फार घातक प्रेम आहे.

आता जागेचा प्रत्यक्ष हिशेब. रातांब्याची कलमे साधारण सहा मीटर अंतरावर लावतात, म्हणजे एका झाडाला छत्तीस चौरस मीटर जागा लागते, आणि एका गुंठ्यात, म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटरमध्ये, तीन झाडेही नीट बसत नाहीत. शिवाय पूर्ण वाढलेल्या झाडाखाली इतकी दाट सावली पडते की तिथे दुसरे काही वाढत नाही. त्यामुळे ही निवड एकाचा स्वीकार आणि दुसऱ्याचा त्याग अशी वाटते. पण झाड लहान असते तेव्हा, पहिली पाच-सहा वर्षे, त्याच्या वाट्याची बहुतेक जमीन उघडीच असते, आणि त्या जमिनीवर तेरडा मनसोक्त वाढू शकतो. रोपाभोवतीचे हातभर आळे तेवढे स्वच्छ ठेवले म्हणजे पुरे. तेरड्याची मुळे उथळ, रातांब्याची खोल, एकाची वाढ पावसात पूर्ण होते आणि दुसऱ्याला पाणी लागते ते उन्हाळ्यात, त्यामुळे दोघांची ओढाताण फार होत नाही. झाडाचा घेर वाढत गेला की तेरडा दरवर्षी थोडा बाहेर सरकतो, कारण सावलीत पडलेल्या बिया नीट वाढत नाहीत आणि कडेच्या अर्ध्या उन्हातल्या वाढतात. आणि वीस वर्षांनी झाडाच्या झुकलेल्या फांद्यांच्या बाहेर, जिथून पावसाचे पाणी ठिबकते त्या वर्तुळावर, तेरड्याचा पट्टा उभा असतो. यासाठी कोणी काही लावण्याची गरज नसते. फक्त तिथे फरशी नसावी, तणनाशक मारलेले नसावे, आणि गवत कापण्याची घाई नसावी.

तेव्हा ज्याच्याकडे कोकणात सहा मीटर लांबी-रुंदीची मोकळी जागा आहे त्याने रातांब्याचे सरळ वाढणारे कलम अवश्य लावावे. मे महिन्यात ते फोडायला, पुटे द्यायला आणि वळवाच्या सरीत धावायला घरात माणसे असतील तर दुसरे कोणतेही फळझाड इतके सर्वांगाने उपयोगी पडत नाही. माणसे नसतील, घर वर्षातून दोनदाच उघडत असेल, तर फळे झाडाखाली कुजत राहतील, आणि अशा घराने आधी तेरड्याचा विचार करावा. ज्याच्याकडे फक्त कुंपणाची कड किंवा इमारतीमागची हातभर पट्टी आहे त्याला तर दुसरा पर्यायच नाही, आणि त्याची त्याने खंत करू नये. घाटावर कोरड्या हवेत रातांबा रेटून लावण्यात अर्थ नाही. तिथे आवळा लावावा, आणि ओलाव्याच्या जागी तेरडा तिथेही येईलच.

तेरडा टिकवण्यासाठी एकच काम माणसाच्या हातातले आहे. गणपतीच्या आधी अंगण आणि वाट बेणण्याची कोकणात जुनी रीत आहे, आणि ती पाळताना नेमका कळीला आलेला तेरडा कोयतीखाली जातो. वाट बेणावी, दारापुढचे गवत काढावे, गौरीसाठी लागतील तेवढी रोपे मुळांसकट काढावीत. बाकीचा तेरडा कोजागरी उलटेपर्यंत तसाच उभा राहू द्यावा, म्हणजे बोंडे फुटून बी मातीत पडेल, आणि पुढच्या आषाढात ते पुन्हा उगवेल.